रबरी बंपरची एमजी

आमच्या मिरजेत स्टेशनकडून दवाखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बोळ आहे. त्या बोळात अब्बांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, एक खड्डा आणि बाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या तीन-चार अँबॅसिडर. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट यायचे ते टुरिस्टच्या अँबॅसिडरमधून. पेशंट दाखल झाला की ड्रायव्हर गाडी घेऊन अब्बांकडे यायचा. पेशंट बरा होईपर्यंत गाडीही बरी व्हायची. "दोनों का डिस्चार्ज एकच दिन," असे अब्बा म्हणायचे.

दुपारी जोहरची अजान झाली की अब्बा हात रॉकेलने घासायचे, मग कपड्याच्या साबणाने. वजूचे पाणी कातडीला लागले पाहिजे, मध्ये ग्रीसचा थर राहता कामा नये, म्हणून नखांच्या कडा ते काडीने कोरायचे. मी शाळेतून येताना त्यांचा डबा घेऊन जायचो आणि हे सारे पाहत बसायचो. पण पान्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. "हात काले करनेकू मैं हूं ना. तू किताब पकड."

मी किताब पकडली. इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी केली आणि १९९९ साली इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात रुजू झालो. यंत्रांच्या भागांची चित्रे मी कॉम्प्युटरवर काढत असे. मात्र स्वतःच्या गाडीचा प्लग मी कधी काढला नव्हता. मेकॅनिकचा मुलगा, वर मेकॅनिकल इंजिनिअर, आणि टायर पंक्चर झाला की फोन करणारा! ही गोष्ट मी चार लोकांत बोलत नसे.

ही लाज थोडी कमी झाली ती एका जुन्या स्पोर्ट्स गाडीमुळे. त्या गाडीला तिचे चाहतेसुद्धा नाके मुरडतात. तिच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

२००९च्या उन्हाळ्यात घराजवळच्या एका अंगणात ती विकायला उभी होती. एमजीबी जीटी, १९७८ सालची, विटकरी लाल रंगाची. दोन दारे, मागे उतरती काच, आणि पुढे-मागे काळ्या रबराचे भलेमोठे बंपर. किंमत २,६०० पौंड. तिच्याच जातीच्या, पण चकाकत्या क्रोमच्या बंपरच्या, छत उघडणाऱ्या जुन्या गाडीला लोक याच्या दुप्पट-तिप्पट मागत होते. मी चौकशी केली तेव्हा विकणाऱ्या म्हाताऱ्याने बॉनेट उघडले. आत डोकावलो आणि मी जागीच थांबलो. कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा पाइप एका अंगाला, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या अंगाला, वर टॅपेटचे लांबट झाकण आणि त्यावर तेल घालायची टोपी. हे इंजिन मी ओळखत होतो. डबा मांडीवर घेऊन मी ते शंभरदा पाहिले होते.

पुढे पुस्तके चाळली तेव्हा नाते नीट कळले. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करणारा माणूस. पुढे त्याने गॅरेज काढले, मोटारी बांधल्या. त्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, चपळ बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि एमजी जन्माला आली. म्हणजे या नामांकित नावाच्या मुळाशी एक गॅरेजच आहे. आपली अँबॅसिडर ही त्याच मॉरिसची ऑक्सफर्ड सीरिज थ्री. १९५० च्या दशकात मॉरिस आणि ऑस्टिन एक झाल्यावर 'बी सीरिज' नावाचे इंजिन दोघांच्या गाड्यांत बसू लागले. १४८९ सीसीचे हे इंजिन १९५५ साली एमजीएमध्ये आले, आणि तेवढ्याच सीसीचे अँबॅसिडरमध्ये. १९६२ साली एमजीबी निघाली तेव्हा त्याचेच १७९८ सीसी केले आणि दोन एसयू कार्बोरेटर लावले. एक बहीण कलेक्टर साहेबाच्या बंगल्यावर आणि टुरिस्टच्या धंद्यात गेली, दुसरी इंग्रज तरुणांच्या हौसेत. रक्त मात्र एकच. आज भारतात एमजीच्या नावाने ज्या गाड्या २०१९ पासून विकल्या जातात, त्यांचा या घराण्याशी संबंध नावापुरता आहे.

मग या गाडीला लोक नाके का मुरडतात? एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. १९६५ साली निघालेल्या बंद छताच्या जीटीच्या आकाराला इटलीच्या पिनिनफरिनाचा हात लागला होता. पुढे अमेरिकेत अपघातांविषयीचे नियम कडक झाले. हळू धडकेत गाडीचे नुकसान होता कामा नये आणि दिवे जमिनीपासून ठरावीक उंचीवर हवेत, असा कायदा आला. नवी गाडी काढायला मालकांकडे पैसा नव्हता. म्हणून १९७४ च्या अखेरीस जुन्याच गाडीला जाड काळे बंपर लावले आणि सारी गाडी सुमारे दीड इंच उचलली. खर्च वाचवायला उघड्या गाडीचा पुढचा अँटीरोल बारही काढून टाकला. हा बार गाडीला वळणावर कलू देत नाही. तो गेल्यावर उंच झालेली गाडी वळणावर बोटीसारखी झुकू लागली. गंमत म्हणजे जीटी हे मॉडेल त्याच सुमारास अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले. म्हणजे ज्यांच्यासाठी तोंड बदलले त्यांच्याकडे ती गेलीच नाही. बदललेले तोंड मात्र कायमचे राहिले.

चूक कळल्यावर ती कारखान्यानेच दुरुस्त केली, हे मात्र फार कोणी सांगत नाही. १९७७ च्या मॉडेलपासून पुढचा बार जाड केला, मागेही बार दिला, स्टिअरिंगची ठेवण बदलली, रेडिएटरला विजेचा पंखा बसवला. ओव्हरड्राइव्हचे बटण गिअरच्या मुठीवर आणले. म्हणजे १९७५ ची रबरी गाडी आणि १९७८ ची रबरी गाडी, या रस्त्यावर दोन वेगळ्या गाड्या आहेत. पण बाजार तोंड पाहतो. दोघींचे तोंड सारखे, म्हणून भावही बहुधा सारखाच.

जुन्या गाड्यांचा बाजार मी त्यानंतर जवळून पाहिला. तिथे किंमत ठरते ती दुर्मिळपणावर. याच जीटीमध्ये रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन घातलेल्या फक्त २,५९१ गाड्या निघाल्या. त्यांच्या मागे लोक धावतात. शर्यतीतला इतिहास असेल तर भाव वाढतो, कागद पूर्ण असतील तर वाढतो. एमजीबीचे मूळ नोंदवहीचे उतारे आजही गेडनच्या मोटार संग्रहालयातून मिळतात. गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, रंग कोणता होता, कुठे पाठवली, सारे त्यात असते. माझ्या गाडीचा उतारा मी मागवला तेव्हा मूळ रंग विटकरी लालच निघाला. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचा झाला नव्हता.

पण भरपूर निघालेल्या गाडीचा एक मोठा फायदा आहे. तिचा प्रत्येक सुटा भाग मिळतो. ब्रेकच्या रबरापासून दाराच्या कडीपर्यंत सगळे. १९८८ पासून तर अख्खी बॉडी जुन्याच साच्यांवर नव्याने तयार होऊ लागली. लाखो पौंडांची दुर्मिळ गाडी मालकाला चालवायची भीती वाटते. ती कापडाखाली झाकून ठेवतात, भाव वाढायची वाट पाहतात. माझी गाडी कोणाला फार नको आहे, म्हणूनच ती रस्त्यावर आहे.

२०११ च्या उन्हाळ्यात अब्बा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. अम्मी आदल्या वर्षी गेली होती. ते दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहायचे. मी जुनी गाडी घेतल्याचे त्यांना सांगितले नव्हते. मेहनतीने शिकवलेल्या मुलाने तीस वर्षांची जुनाट गाडी घ्यावी हे त्यांना पटणार नाही, अशी भीती होती. एका रविवारी धीर करून मी गॅरेजचे दार उघडले आणि काही न बोलता बॉनेट वर केले.

अब्बांनी चष्मा पुसला. थोडा वेळ पाहिले. मग म्हणाले, "ये तो अपनीच है रे. यां कैसी आयी?"

पुढचे तीन महिने माझी शाळा झाली. पहिल्या दिवशी टॅपेट. "पंधरा थाउ," ते म्हणाले आणि फीलर गेजची पाती माझ्या हातात दिली. पाती फटीत अडकताही कामा नये आणि सैल फिरताही कामा नये. लोण्यातून सुरी जाते तशी जायला पाहिजे. मी इंचाचा हजारावा भाग कॉम्प्युटरवर रोज लिहीत होतो. बोटांना तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवून कोणता टॅपेट वाजतो हे ते ऐकायचे. मला सुरुवातीला नुसती खडखड ऐकू यायची. महिन्याभराने त्या खडखडीत चार सिलिंडर वेगळे ऐकू येऊ लागले.

अडचण आली ती कार्बोरेटरला. अब्बांनी आयुष्यभर एका कार्बोरेटरची इंजिने केली. इथे दोन होते, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडते. अब्बा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बागेतल्या पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा कापून घेतला. एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी एकाचा फुसफुस आवाज, मग दुसऱ्याचा. दोन्ही आवाज एक होईपर्यंत ते स्क्रू फिरवत राहिले. इथले जुने मेकॅनिकही नेमके हेच करतात, हे मला नंतर कळले. अब्बांना ते कोणी सांगितले नव्हते.

मग आम्ही ट्रायलला निघालो. तुम्ही चालवा म्हटले तर नको म्हणाले. "मैं सुनता." वॉरिकशायरमध्ये फॉस वे नावाचा रोमन लोकांनी आखलेला रस्ता आहे. शेतांमधून तो सरळ जातो, मध्येच चढतो, उतरतो. या गाडीत बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे. पाय सरळ पुढे, हातभर अंतरावर गिअरची आखूड मूठ. गाडी उभी असताना स्टिअरिंग इतके जड की खांदे भरून येतात. पण चाक फिरू लागले की ते हलके होते आणि रस्ता तळहातांना सांगत राहतो. कुठे खडी आहे, कुठे ओल आहे, कुठे डांबर नवे आहे. मागे अँबॅसिडरसारखेच पाटे आहेत, त्यामुळे खड्डा आला की तो पाठीला कळतो. ताशी पन्नास मैलांवर वाटते की आपण सत्तरने जात आहोत. चौथ्या गिअरमध्ये मुठीवरचे बटण सरकवले की ओव्हरड्राइव्ह लागतो, इंजिनाचा आवाज एक पायरी खाली उतरतो आणि गाडी नुसती वाहत राहते. आजची कोणतीही साधी गाडी हिला मागे टाकील. पण तिच्यात माणूस सामान असतो. हिच्यात त्याला काम असते. गिअर चुकला तर गाडी बोलून दाखवते, बरोबर पडला तर तेही सांगते.

अब्बा डोळे मिटून बसले होते. परतताना म्हणाले, "अँबॅसिडर नमाजी थी. ये जरा शौकीन है. लेकिन खानदान एक."

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि दाराखालच्या पट्टीवर बोटांच्या मागच्या बाजूने ठोकले. मग स्वयंपाकघरातले एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यावर फिरवले. ते काही ठिकाणी चिकटेना. "ये पत्रा नहीं, पडदा है. अंदर देख." एमजीबीला वेगळी चासी नाही, दाराखालच्या या दुहेरी-तिहेरी पट्ट्याच सगळा भार उचलतात. कोणीतरी गंजलेल्या पट्ट्यांवर नवा पत्रा चढवून, लांबी भरून रंग मारला होता. मी "बघतो" म्हणालो. गाडी दर वर्षीच्या तपासणीत पास होत होती. मी पाहिले नाही.

अब्बा २०१७ साली गेले. मी मातीला पोचलो नाही, तिसऱ्या दिवशी पोचलो. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले होते, आणि गॅरेजमध्ये आता धाकटा भाऊ नव्या गाड्या पाहत होता. अब्बांचे इंची पाने एका गोणपाटात गुंडाळून ठेवलेले होते. नव्या गाड्यांना ते लागत नाहीत. "भाईजान, इनको अब कौन पूछता?" भाऊ म्हणाला. मी ते पाने सामानात घालून इंग्लंडला आणले. ते माझ्या गाडीला लागतात.

पुढच्या वर्षी मुलाच्या कॉलेजच्या खर्चाची वेळ आली आणि मी गाडी विकायचे ठरवले. एक सज्जन गृहस्थ आले, पाहून खूश झाले आणि साडेपाच हजार पौंड द्यायला तयार झाले. त्याच वर्षी इथला कायदा बदलला होता. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना सालाना तपासणी माफ झाली. "आता कसली कटकटच नाही," असे ते म्हणाले. खरेच होते. त्यांनी पट्ट्यांविषयी विचारले नाही, आणि कायद्यानेही मला कोणी विचारणार नव्हते.

त्या रात्री मी टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरलो. थोडा जोर दिला तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आत पत्र्याची नुसती भुकटी होती. सात वर्षे मी या गाडीत माझ्या मुलांना बसवून फिरत होतो. अब्बांच्या गॅरेजमध्ये विकायच्या गाड्याही कधीकधी यायच्या. गिऱ्हाईक आले की अब्बा गाडीचे गुण सांगायच्या आधी दोष सांगायचे. दलाल चिडायचे. "ऐब छुपाके बेच्या तो पैसा हजम नहीं होता," एवढेच ते म्हणायचे. मी सकाळी त्या गृहस्थांना फोन केला आणि सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सुट्या भागांसाठी दीड हजार देतो. मी नको म्हणालो. मुलाच्या खर्चासाठी कर्ज काढले. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोलले नाही, आणि त्यांचे फार चुकले असेही मला म्हणता येणार नाही.

पट्ट्या बदलायचा अंदाज व्यावसायिक गॅरेजने ४,२०० पौंड सांगितला. तेवढे पैसे नव्हते. आमच्या गल्लीत लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात वेल्डिंगमध्ये आयुष्य काढलेले एक म्हातारे राहतात. २००५ साली तो कारखाना बुडाला तेव्हा त्यांची नोकरी गेली. त्यांनी वेल्डिंग करायचे, मी कापायचे, घासायचे, रंगवायचे, असे ठरले. बॉडी वाकू नये म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडवे गज बसवले, आणि एका बाजूचे पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. शनिवार-रविवार मिळून चौदा महिने गेले. शेवटी दार मिटले तेव्हा फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. आम्ही दोघांनी ते दार दहा-बारा वेळा उघडून मिटले.

काम संपत आले तेव्हा ते म्हणाले, सगळे सुटे केलेलेच आहे तर आता हे रबर काढून क्रोमचे बंपर लाव आणि गाडी खाली घे. पुष्कळ लोक करतात, किंमत वाढेल. मी आठवडाभर विचार केला. खरे सांगायचे तर क्रोमच्या तोंडाची एमजी अधिक देखणी आहे, हे मलाही मान्य आहे. पण नोंदवहीत माझी गाडी १९७८ ची आहे. तिचे बंपर म्हणजे त्या काळाचा कायदा, कारखान्याची गरिबी आणि तरीही गाडी चालू ठेवायची कामगारांची खटपट. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला तोवर ते लोक याच तोंडाच्या गाड्या बांधत होते. ते पुसून तिला १९६८ ची दाखवणे म्हणजे पुन्हा पत्र्यावर पडदा चढवण्यासारखे वाटले. मी रबर धुऊन, काळे करून परत बसवले.

आज या गाडीची बाजारात किंमत किती, हे मी पाहत नाही असे नाही, पाहतो. ती माझ्या खर्चाच्या खालीच असते. ज्यांना पैसे गुंतवायचे आहेत त्यांनी ही गाडी घेऊ नये. कोणी घेणारच असेल तर पॉलिश पाहू नये. लोहचुंबक घेऊन जावे, दाराखाली ठोकून पाहावे, गालिचा उचलून पाहावा, आणि १९७७ नंतरची ओव्हरड्राइव्हची गाडी शोधावी. रस्त्याचा कर माफ आहे. २०२१ पासून पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढले, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, तेवढ्या बदलून घ्याव्यात. बाकी इंजिनाला काही होत नाही. मिरजेच्या उन्हात पाच-सहा माणसे आणि वर टपावर सामान घेऊन जे चालले, त्याला वॉरिकशायरमध्ये काय होणार?

मागच्या रविवारी टॅपेट पाहायचे होते. कर्ज काढून शिकवलेला मुलगा आता नोकरीला आहे. तो आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. मी काही म्हणालो नाही. गोणपाटातून अब्बांचा पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. पाती फटीत घालताना त्याची बोटे थरथरत होती, माझी थरथरली होती तशीच. जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघे बेसिनशी उभे होतो. त्याने साबण लावून हात धुतले आणि टॉवेलकडे वळला. मी त्याला थांबवले आणि काडी दिली. नखांच्या कडांत अजून काळे होते.